गिरणगावावर संगीत नाटक बसवताना: आधी साचा, मग चाल

आमच्या नाटकाचा पहिला प्रयोग एका चाळीच्या पटांगणात झाला. पडदा उघडताच साचाखात्याचं गाणं (साचा म्हणजे गिरणीतला कापड विणायचा माग). चौदा जणांचा कोरस, चाल चांगली, ताल चोख, टाळ्याही पडल्या. प्रयोग संपल्यावर पहिल्या रांगेतले एक म्हातारे साचेवाले खुर्चीतून न उठताच म्हणाले, "नाटक बरंय. पण तुमचा साचा आजारी आहे." मग त्यांनी खुर्चीच्या दांडीवर बोटानं ठोके वाजवून दाखवले. मी घड्याळ लावलं. दहा सेकंदांत तीसच्या आसपास ठोके. आमचं गाणं त्याच्या निम्म्यानंही पळत नव्हतं.

त्यानंतर आम्ही अख्खं नाटक उलट्या बाजूनं बांधलं. आधी आवाज, मग गाणी, मग गोष्ट. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांवर संगीत नाटक करू पाहणाऱ्या हौशी मंडळांनी, कॉलेजच्या गटांनी हाच क्रम धरावा, असं माझं आता मत झालंय. कसा, ते पुढे सांगतो.

काळ आवळून घ्या

पहिला मोह होतो तो सगळा इतिहास सांगण्याचा. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली, इथून निघायचं आणि मॉलच्या काचेपर्यंत यायचं. असं नाटक होत नाही, चित्ररथ होतो.

एकच तुकडा घ्या. तीन तुकडे मला नाटकाच्या अंगाचे वाटतात. पहिला १९०८ चा. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. दीड तासाच्या एकसंध नाटकाला हा पुरतो. दुसरा १९२८ चा, सहा महिने चाललेला संप आणि गिरणी कामगार युनियनचा जन्म. यात एक प्रसंग असा आहे, की तो टाळून १९२८ वर नाटक करणं मला अप्रामाणिक वाटतं. साच्यात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे फिरणाऱ्या धोट्याची बाबिन (सुताची रिळी) संपली की नवी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं, अशी पद्धत होती. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागायचं. म्हणून जास्त मजुरीच्या साचाखात्यात दलित कामगारांना घेत नसत. त्यांच्या वाट्याला कमी पगाराची खाती. बाबासाहेबांनी हा प्रश्न त्या संपात लावून धरला होता. एक धोटा, दोन माणसं आणि मधे थांबलेला हात, एवढ्यावर एक प्रवेश उभा राहतो. त्याला गाण्याचीही गरज नाही.

तिसरा तुकडा १९८२ चा. आम्ही तो घेतला, कारण पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला, काही गिरण्या आधीच बंद पडल्या, कामगार डॉ. दत्ता सामंत या कामगार नेत्याकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ पासून सार्वत्रिक संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मागण्या पगारवाढीच्या, बदली (कुणाचा खाडा पडला तरच काम मिळणाऱ्या) कामगारांना कायम करण्याच्या आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याच्या. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. शेवटाकडे येताना ही गोष्ट उपयोगी पडते, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

जागाही आवळा. एक चाळ, एक गिरणी. गिरणीला खरं नाव देऊ नका. खऱ्या गिरणीचं नाव घेतलंत की प्रेक्षागृहात तिथलेच चार जण असतात आणि ते नाटक सोडून जिना कुठल्या बाजूला होता ते शोधत बसतात.

माणसांकडे जा, पण "संप का फसला?" हा प्रश्न घरी ठेवून

संपाच्या वेळी पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरीच्या आसपास आहे. तो लालबागला असेलच असं नाही. कल्याण, डोंबिवली, विरारला मुलाकडे किंवा सरळ गावी. वेळ काढून जा. पुस्तकी आधार हवा असेल तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर जणांचे आवाज जमवून २००४ मध्ये पुस्तक काढलं आहे, ते जरूर वाचा. पण वाचून झाल्यावरही जा.

संप का फसला असं विचारलंत की माणूस भाषण देतो. चाळीस वर्षांत त्याचं ते पाठ झालेलं असतं. त्याऐवजी हातांबद्दल विचारा. तुटलेलं सूत कसं जोडायचात? आमच्याकडे एका आजोबांनी शिवणाच्या डब्यातला दोरा मागितला, तो तोडला आणि बोलता बोलता विणकराची गाठ मारली. बोटं दिसलीच नाहीत. पुन्हा म्हटलं, पुन्हा मारली. तिसऱ्यांदा "हळू मारा" म्हटल्यावर त्यांना जमेना. ते हसले, "हळू कधी मारलीच नाय." हा प्रसंग जसाच्या तसा आमच्या पहिल्या अंकात आहे.

आणखी विचारण्याजोगं: गाळ्यात किती जण राहायचात, वळकटी कुठे ठेवायचात, पाळीनुसार झोपायची जागा कुणाशी वाटून होती? खानावळीत वाराला काय मिळायचं? पगाराच्या दिवशी गेटबाहेर कोण उभं असायचं? गावाला पहिली मनीऑर्डर किती रुपयांची? गणपतीला गावी जाण्यासाठी किती खाडे झाले? आणि सगळ्यात शेवटी: कुठलं गाणं म्हणायचात? भजनी मंडळात होता की नमनात? इथे बहुतेक जण एकदम ताठ बसतात.

बायकांना वेगळं भेटा, नवरा खोलीत नसताना. वाइंडिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यात काम केलेल्या, खानावळी चालवलेल्या, संपात भांडी विकलेल्या बायकांच्या आठवणींत हिशेब असतो. नेमके आकडे. पुरुष तारखा सांगतात, बायका भाव सांगतात. नाटकाला भाव जास्त कामाचे. खानावळवाल्यांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून उभी केली, म्हणजे १९८२ च्या चाळीत खानावळवाली असणारच. हे पात्र केवळ डबे वाढणारी मावशी म्हणून लिहू नका. तिची उधारीची वही ही संपाची दुसरी बाजू आहे.

गाणं कुणाच्या मालकीचं?

संगीत नाटक म्हटलं की आपल्याकडे दोन सवयी आड येतात. एक, नाट्यपदाची: भावना दाटली की पात्र पुढे येऊन गातं. दुसरी, सिनेमाची: मागून गाणं वाजतं आणि पुढे माणसं चालतात. गिरणगावाला दोन्हींची गरज नव्हती. तिथे माणसं आधीच गात होती, आणि कोण काय गातं यावरून तो कुठल्या गावचा, कुठल्या गाळ्यातला हे कळत होतं. रत्नागिरीकडचा माणूस नमन आणि जाखडी, शक्ती-तुरा, सिंधुदुर्गातला दशावतार आणि डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), साताऱ्या-सांगलीचा ढोलकी-तमाशा, आणि सगळ्यांच्या वर लाल बावट्याचे शाहीर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं तेव्हा त्यांनी नवीन काही शोधलं नाही. तमाशाची चौकट घेतली आणि आतलं सामान बदललं. गणपतीच्या गणाच्या जागी मायभूमीचं, श्रमाचं वंदन आलं, गवळण गेली, वग कामगाराचा झाला.

म्हणून संहिता लिहिण्याआधी एक कागद घ्या आणि प्रत्येक गाण्यापुढे तीन गोष्टी लिहा: हे गाणं चाळीत कुणाचं आहे, तो ते एरवी कुठे म्हणतो, आणि आज ते वेगळ्या कारणासाठी का म्हणतोय. तिसरा रकाना रिकामा राहिला तर गाणं काढून टाका. आम्ही अकरा लिहिली होती, सात उरली. काढलेल्यांतलं एक मला अजून आवडतं, पण ते कुणाचंच नव्हतं. माझं होतं.

दोन उदाहरणं जरा सविस्तर देतो.

संप चालू ठेवायचा की कामावर जायचं, हा वाद प्रत्येक चाळीत झाला. तो संवादांत लिहिला की सभेसारखा होतो. आम्ही त्याची डबलबारी केली. दोन भजनी बुवा, दोन पखवाज, समोरासमोर बैठक. पहिल्या बारीत बुवा रीतीप्रमाणे अभंग घेतो, गजर करतो आणि गजरातच समोरच्याला टोला हाणतो. दुसरा त्याच चालीत उलटवतो. गजर चढत जातो तशी भांडणातली माणसं आपापल्या बुवामागे सरकतात आणि चाळ दोन पंगतींत फुटते, एकही भाषण न होता. डबलबारीत समोरच्याला चिमटा काढण्याची मुभा असतेच, त्यामुळे हे बेतलेलं वाटत नाही. फक्त एक पथ्य: दोन्ही बुवांची बाजू सारखीच भक्कम लिहा. कामावर जाऊ म्हणणाऱ्याच्या घरी आजारी मूल आहे, एवढ्यावर त्याला सोडू नका. त्याला युक्तिवादही द्या.

दुसरं उदाहरण कायद्याचं. १९४६ च्या त्या कायद्यान्वये एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा अधिकार. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि कामगार सामंतांमागे. हे कळल्याशिवाय १९८२ कळत नाही, आणि हे समजावणारं पात्र आलं की प्रेक्षक चहाचा विचार करू लागतात. याला तमाशातली बतावणी हवी. आमची अशी होती:

"लगीन कुणाशी ठरलंय म्हणायचं?"
"पारूशी."
"मग बोलणी कुणाशी चाललीत?"
"पारूच्या शेजारणीशी."
"आरं, शेजारणीशी का?"
"कागदावर तिचंच नाव हाय नव्हं!"

हशा होतो, आणि पुढच्या वाक्याला नियम सांगितला की तो डोक्यात बसतो. लांबवू नका. बतावणी चार मिनिटांच्या वर गेली की सोंगाड्या स्वतःसाठी खेळू लागतो.

साच्याची लय

आता त्या आजारी साच्याकडे. जुना साधा साचा मिनिटाला दीडशे ते दोनशे वेळा धोटा फेकत असे. आपण १८० धरू, म्हणजे सेकंदाला तीन ठोके. ऐकायला हे प्रचंड वेगाचं वाटतं आणि संगीतकार घाबरून निम्म्यावर येतो. आम्हीही तेच केलं होतं. युक्ती अशी, की ठोका पळू द्यायचा आणि शब्द लांब अक्षरांचे घ्यायचे. एका ठोक्याला एक दीर्घ अक्षर किंवा दोन ऱ्हस्व. सोळा मात्रांची ओळ आठ ठोक्यांत बसते, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन, पावणेतीन सेकंदांच्या आत.

धोटा गेला, धोटा आला,
दीस उगवला, दीस बुडाला;
एका हाती दोन्ही साचे,
घास मोजते ताट सहांचे.

पहिली ओळ बोटांनी वाजवून म्हणून पाहा: धो, टा, गे, ला, धो, टा, आ, ला. आठ अक्षरं, आठ ठोके, आणि धोटा खरोखरच जातो आणि येतो. दुसऱ्या ओळीत "दीस" मधला स "उगवला"च्या उ ला चिकटतो (दी, सउ, गव, ला), त्यामुळे लय तीच राहून जीभ अडखळते. ही अडखळ मुद्दाम ठेवली आहे. माणूस आणि यंत्र यांच्यातलं अंतर तिथे ऐकू येतं. कोरसला मोबाइलवरच्या मेट्रोनोमवर ९० लावून द्या आणि प्रत्येक टिकला दोन ठोके मारायला सांगा. पहिल्या आठवड्यात शब्द नको, नुसते ठोके.

आवाज ध्वनिमुद्रित वापरू नका. स्पीकरमधून येणारा साचा कितीही खरा असला तरी तो प्रेक्षकांच्या पायाखाली थरथरत नाही. लाकडी लेव्हलवर (रंगमंचावरच्या चौथऱ्यावर) टाचा आणि हातात टिपऱ्या, एवढं पुरतं. दोन रांगा करा: एका रांगेचा ठोका डावीकडून, दुसरीचा उजवीकडून. चौदा माणसांत खातं उभं राहतं.

त्या गोंगाटात कुणी बोलत नसे. बोललेलं ऐकूच येत नसे; कामगार ओठ वाचायचे, खुणा करायचे. म्हणून कोरस गात असताना पुढच्या पात्रांचा अख्खा संवाद खुणांनी होऊ द्या. मुकादमाची खूण, पाणी हवंय, सूत तुटलं, आज संध्याकाळी सभा आहे. तोच संवाद पुढे चाळीत शब्दांनी पुन्हा येतो तेव्हा प्रेक्षकांना मागची खूण कळते. आम्ही गाठीभेटींतून नऊ खुणा जमवल्या. तुम्ही तुमच्या जमवा, कारण प्रत्येक खात्यातल्या खुणा थोड्या निराळ्या सांगितल्या जातात.

पात्रं आणि बोली

पात्रांबद्दल थोडक्यात. कायम साचेवाला, बदली कामगार, वाइंडिंगमधली बाई, खानावळवाली, मुकादम, शिकलेला मुलगा, गावाकडून आलेली बायको. सात पुरे. मुकादमाला खलनायक करायचा मोह आवरा. तोच नोकरी लावणारा, तोच गावचा, तोच हप्ता घेणारा. बदली कामगाराला जास्त जागा द्या. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर आत जायचं, नाहीतर घरी. दुसऱ्याच्या आजारपणावर ज्याची चूल पेटते त्या माणसाचं गाणं तुम्हाला शोधावं लागत नाही.

दत्ता सामंतांना रंगमंचावर आणू नका. नक्कल झाली की प्रेक्षक नटाकडे बघतात. आमच्या नाटकात "डॉक्टर काय म्हणाले?" एवढाच प्रश्न आहे आणि सभेहून आलेला प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो.

बोली जपून. मालवणी पात्राच्या तोंडी "खंय गेल्लंस?" आणि साताऱ्याच्या तोंडी "कुठं गेलतास रं?" हा फरक कानाला आला पाहिजे, पण हशासाठी नव्हे. बोली घरात बोलणारा नट मिळत नसेल तर त्या पात्राचं गाव बदला. उसनी मालवणी दोन वाक्यांत पकडली जाते.

हक्क आणि परवाने

हे कंटाळवाणं आहे, पण पहिल्याच आठवड्यात उरका. जुनी शाहिरी गाणी "लोकांचीच आहेत" म्हणून सरळ घेतली जातात. तसं नाही. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत त्यांच्या रचनांसाठी परवानगी लागते. नारायण सुर्वे २०१० मध्ये गेले; त्यांच्या कवितांना चाल लावायची तर वारसांना किंवा प्रकाशकांना विचारणं आलंच. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या मोकळ्या आहेत, पण त्यांचं एखादं अलीकडचं ध्वनिमुद्रण मोकळं नसतं. पारंपरिक नमनाची, ओवीची चाल घ्या आणि शब्द स्वतःचे लिहा, हा सगळ्यात सोपा मार्ग. शिवाय कुणाची तरी आठवण गाण्यात घातली असेल तर ते गाणं त्यांना आधी म्हणून दाखवा. हा कायद्याचा भाग नाही.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. गाण्यांचे शब्द संहितेत पूर्ण लिहा. "इथे गाणं" असं लिहून पाठवू नका. तालमीत बदललेलं कडवंही नंतर कळवायला लागू शकतं, म्हणून गाणी लवकर पक्की करा.

नेपथ्य: एक गॅलरी

वीस फूट लांब, अडीच फूट रुंद, दीड फूट उंच लेव्हल आणि तिला लाकडी कठडा. ही चाळीची गॅलरी. कठडा उचलून उलटा ठेवला की साच्यांची रांग, उभा केला की गिरणीचं गेट. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. रंगमंचावर तेवढाच चौकोन खडूनं आखा आणि घरातला प्रत्येक प्रवेश त्याच्या आत बसवा. नट कुरकुरतात, दोन आठवड्यांत एकमेकांना न धडकता वळायला शिकतात, आणि तीच त्यांची देहबोली होते.

साचेवाल्याला खाकी हाफ पँट आणि गंजी. बायकांना नऊवारी, पदर खोचलेला. कपड्यांवर कापसाचे धागे चिकटवून शिवून टाका. हवेत कापूस उडवू नका. आम्ही पंख्यासमोर उडवला होता, प्रकाशात फार सुंदर दिसला, आणि पहिल्याच कडव्यात आमच्या मुख्य गायिकेला ठसका लागून तिचं उरलेलं गाणं पेटीवाल्यानं ओढलं. पुढे प्रयोगाला आलेल्या एका माजी कामगाराला हे सांगितलं तर तो हसला नाही. "आमी तीस वर्षं खाल्ला," एवढंच म्हणाला.

तालीम

बारा आठवडे धरा, संध्याकाळी सात ते दहा. पहिले तीन नुसते ठोके, खुणा आणि गाणी. संहिता हातात द्यायचीच नाही. चार ते नऊ प्रवेश. उरलेले सलग. नटांत निदान चार जण खऱ्या भजनी मंडळातले किंवा नमन खेळलेले घ्या. अभिनय त्यांना शिकवता येतो. गजर कधी चढवायचा हे नटाला शिकवायला वर्ष लागतं.

सुरांची एक अडचण प्रत्येक मंडळाला येते. पुरुष काळी एकला मोकळे गातात, बायका तिथे पुटपुटतात. बायकांसाठी वर नेलं की पुरुष ओरडतात. मधली पट्टी शोधण्यात आम्ही महिना घालवला आणि ती दोघांनाही त्रासदायकच ठरली. शेवटी पेटीवाल्यानं साधी तोड काढली. पुरुषांचा षड्ज काळी एक ठेवला तर त्यांचा पंचम काळी चारला येतो. तोच बायकांचा षड्ज करायचा. पुरुषांची ओळ पंचमावर थांबते आणि तिथूनच बायका आपला सा उचलतात. पट्टी बदलल्याचं प्रेक्षकांना कळतही नाही, गाणं मात्र एकदम वर उघडल्यासारखं होतं. ढोलक्या दोन ठेवा, दोन पट्ट्यांत लावलेल्या. एकच ढोलकी मधे ओढत बसू नका.

ढोलकीला माइक देऊ नका. लहान नाट्यगृहात ती तशीच पोचते, माइक दिला की शब्द बुडतात, आणि शब्द बुडाले तर हे नाटकच नाही. तुणतुण्याला मात्र द्या.

दुसरा अंक: एकेक आवाज काढून घ्या

पहिल्या अंकात जितका गलबला, तितका दुसरा अंक सोपा जातो. संप सुरू झाल्यावर नवीन दुःखी गाणी लिहू नका. आहेत ती वाद्यं एकेक करून कमी करा. आधी साचा थांबतो. मग भोंगा, पहिल्या अंकात सात, साडेतीन आणि बारा वाजता तो झालेला असतो, तिथे आता नुसता दिवा बदलतो आणि पात्रं सवयीनं मान वर करतात. मग पेटी विकली जाते. खरीखुरी, प्रवेशात, पेटीवाला तिथेच बसलेला असताना. मग एक पखवाज गावाला जातो. शेवटच्या वीस मिनिटांत फक्त टाळ उरतात.

एक गाणं मात्र परत आणा. आमच्या पहिल्या अंकात मनीऑर्डरचं गाणं होतं: नवरा मुंबईहून पैसे धाडतो, गावाकडची बाई पोस्टमनकडून कुपनावरच्या चार ओळी वाचून घेते. दुसऱ्या अंकात तीच चाल, तीच बाई, पण आता ती गावाहून तांदळाचं गाठोडं पाठवते आणि नवरा ते एसटीवरून उतरवून घेतो. शब्दांत फक्त दिशा बदलली. संपात कितीतरी जण गावच्या तांदळा-नाचणीवर टिकले, कितीतरी तिकडेच राहिले. प्रयोगात रडू येतं ते इथे, आणि नटांनी मुळीच रडायचं नसतं.

ऑगस्ट १९८२ मधलं मुंबई पोलिसांचं बंड आणि त्या दिवशीची रस्त्यावरची गडबड नाटकात घ्यायची असेल तर गॅलरीतून बघणाऱ्या बायकांच्या तोंडून घ्या. रंगमंचावर दंगल हौशी मंडळाला झेपत नाही, काठ्या नेहमी लुटुपुटीच्या दिसतात.

शेवट. संप रीतसर संपलाच नाही, हे आधी सांगितलं. मग नाटकाला समारोपाचं गाणं कुठून आणणार? आम्ही तीन शेवट करून पाहिले. लाल बावटा फडकवणारा, मॉलचा दिवा लावणारा आणि म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरणारा. पहिला खोटा होता. दुसरा सगळेच करतात. तिसरा ठेवला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, म्हणजे संपातला तरुण तेव्हा पंचावन्नच्या पुढे. तो खुर्चीवर बसून फॉर्म भरतो. "गिरणीचं नाव", "खातं", "तिकीट नंबर", "शेवटचा कामाचा दिवस". या शेवटच्या रकान्यावर त्याचं पेन थांबतं आणि बोटं टेबलावर ठोके वाजवू लागतात, सेकंदाला तीन. कोरस अंधारात, गप्प. दिवा जातो. ठोके चार सेकंद जास्त चालतात.

चाळीत प्रयोग करताना

नाट्यगृहाआधी एक प्रयोग चाळीत कराच. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून साडेसातला तिसरी घंटा, आणि दोन अंकांत मिळून दोन तासांच्या वर जाऊ नका. जेवणं उशिरा होतात तेव्हा कुणीतरी मधेच उठून कुकर बंद करायला जाणारच. पहिल्या अंकात त्यासाठी एक हलकं गाणं ठेवा.

पुढच्या दोन रांगा म्हाताऱ्यांना. प्रयोग संपल्यावर आभाराचं भाषण नको, नटांनी मेकअप न उतरवता खाली येऊन बसायचं. एकाच्या हातात वही. कुणी सांगेल डबा असा धरत नसत, कुणी सांगेल गाठ चुकीची मारली, कुणी नुसतंच त्याच्या गिरणीचं नाव सांगेल. आमच्या दुसऱ्या चाळीतल्या प्रयोगाला ते पहिले साचेवाले आजोबा पुन्हा आले होते, मुलाला घेऊन. साचाखात्याचं गाणं सुरू झालं तशी त्यांची बोटं दांडीवर गेली. मी विंगेतून बघत होतो. तिसऱ्या ओळीला त्यांनी वाजवणं थांबवलं आणि मुलाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगू लागले, हातानं खुणा करत.